सहा टक्के आणि कधीच न आलेलं पत्र

आमच्या प्रयोगशाळेत खोडरबर ठेवायला मनाई आहे. पेन्सिल, पांढरी शाई, चिकटपट्टी, काहीच चालत नाही. वहीत आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, तारीख आणि सही. न्यू जर्सीत औषधांच्या गुणवत्ता तपासणीचं काम करताना वीस वर्षांत मी अशा कितीतरी रेघा मारल्या. पण काम तिथे संपत नाही. आणखी एक कागद भरावा लागतो: ही चूक झाली कशी, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं? तो कागद भरल्याशिवाय चुकीची फाईल बंद होत नाही.

आमच्याच घरातली एक चूक दुरुस्त करताना मला हा दुसरा कागद फार आठवला, कारण अमेरिकेच्या करकायद्यात तो नाही.

14 सप्टेंबर 2024, शनिवार. मराठी मंडळाचा गणपती होता आणि प्रसादाच्या रांगेत माझ्या पुढे ओळखीचे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या मुलीला नुकतीच नोकरी लागली होती, त्यावरून बोलणं बचतीवर आलं. आम्ही दोघं दर जानेवारीत रॉथ खात्यात पूर्ण रक्कम भरतो, असं मी सहज म्हणाले. ते थबकले. म्हणाले, ‘‘वहिनी, सरळ रॉथमध्ये? पण तुमच्या दोघांच्या पगारावर ते चालतं का?’’ माझ्या हातात मोदकाची वाटी तशीच राहिली. घरी परतताना गाडीत आम्ही कोणीच बोललो नाही.

वाचकांपैकी अनेकांची मुलं, भाचरं, भावंडं अमेरिकेत आहेत, म्हणून हे खातं काय आहे ते थोडक्यात सांगते. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने 1997 च्या कायद्यात हे निवृत्ती खातं आलं आणि 1998 पासून लोक त्यात पैसे भरू लागले. कर भरून हातात आलेले पैसे त्यात ठेवायचे. ते वाढतात, आणि वयाच्या साडेएकोणसाठीनंतर, खात्याला पाच वर्षं झालेली असतील तर, मुद्दल आणि वाढ दोन्ही करमुक्त मिळतात. मध्यमवर्गाच्या म्हातारपणासाठी यापेक्षा चांगली सोय मला माहीत नाही. दर वर्षी किती भरायचे याला मर्यादा आहे: 2019 ते 2022 या काळात 6 हजार डॉलर, 2023 साली साडेसहा हजार, 2024 साली 7 हजार. या वर्षांत पन्नाशी ओलांडलेल्यांना हजार जास्त. आणि उत्पन्न एका पातळीच्या वर गेलं, तर एक डॉलरही भरता येत नाही. एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्यासाठी 2021 साली ती पातळी 2 लाख 8 हजार होती, 2022 साली 2 लाख 14 हजार, 2023 साली 2 लाख 28 हजार.

आम्ही 2015 पासून भरत होतो आणि सुरुवातीची सगळी वर्षं मर्यादेत होतो. 2021 च्या जुलैत नवऱ्याने नोकरी बदलली, रुजू होताना बोनस मिळाला आणि वर्षाचं उत्पन्न 2 लाख 19 हजारांवर गेलं. रॉथचे पैसे मात्र जानेवारीतच भरून झाले होते. जानेवारीत कोणाला माहीत असतं की डिसेंबरला उत्पन्न किती होईल? तरी पुढच्या वर्षी बघायला हवं होतं, आणि आम्ही बघितलं नाही. रॉथच्या पैशांवर वजावट मिळत नाही, म्हणून ते विवरणपत्रात लिहावेच लागत नाहीत. आमची समजूत साधी होती: जे सवलतीत धरायचं नाही, त्याचा हिशेब कशाला? विवरणपत्राच्या सॉफ्टवेअरमधला तो प्रश्न दर वर्षी आम्ही न वाचता पुढे ढकलला. चूक आमचीच.

आता शिक्षा काय ते पाहू. मर्यादेपेक्षा जास्त भरलेली रक्कम वर्षअखेरीला खात्यात असेल, तर तिच्यावर सहा टक्के. पुढच्या वर्षअखेरीला ती अजून तिथेच असेल, तर पुन्हा सहा टक्के. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. रक्कम बाहेर काढेपर्यंत, किंवा नंतरच्या एखाद्या वर्षाच्या मर्यादेत ती मावेपर्यंत, हे चालूच राहतं. माझे 2021 चे 6 हजार: त्यांचे 360 डॉलर. 2022 अखेर 12 हजार: 720. 2023 अखेर ते 12 हजार तसेच: आणखी 720. एकूण 1,800. नवऱ्याचे तेवढेच. दोघांचे मिळून 3,600 डॉलर, आणि वर व्याज.

2023 चे पैसे त्यात धरलेले नाहीत, कारण तेवढ्यापुरता गणपती पावला. विवरणपत्र वेळेत भरलं असेल, तर मूळ मुदतीनंतर आणखी सहा महिने, म्हणजे 15 ऑक्टोबरपर्यंत, त्या वर्षाची जास्तीची रक्कम तिच्यावरच्या वाढीसकट बाहेर काढता येते आणि सहा टक्के लागत नाहीत. आमच्या हातात बरोबर एक महिना होता.

त्या महिन्यात मी जे शिकले ते लिहून ठेवते, कारण मराठीत हे कोणी सांगितलेलं मला आढळलं नाही. मुदतीच्या आतली रक्कम आणि मुदत उलटून गेलेली रक्कम या दोन वेगळ्या वस्तू आहेत. खातं सांभाळणाऱ्या कंपनीच्या अर्जावरही त्यांचे रकाने वेगळे असतात, आणि तिथे चुकीच्या चौकटीत खूण केली की पुढचा सगळा हिशेब बिघडतो. 2023 आणि 2024 चे पैसे आम्ही वाढीसह काढले. 2021 आणि 2022 ची मात्र फक्त मूळ रक्कम काढायची, वाढ खात्यातच राहते. मग 5329 नावाचा फॉर्म. तो प्रत्येकाचा स्वतंत्र, नवरा-बायकोचं विवरणपत्र एकत्र असलं तरी. आणि प्रत्येक वर्षाचा त्या त्या वर्षीचाच छापील नमुना घ्यायचा. 2021 आणि 2022 चे फॉर्म नुसतेच सही करून पाठवता येतात, जुनं विवरणपत्र पुन्हा उघडावं लागत नाही. 2023 साठी मात्र दुरुस्त विवरणपत्र, 1040-एक्स, भरावं लागलं, कारण बाहेर काढलेली वाढ त्या वर्षाच्या उत्पन्नात धरायची होती. त्याच्या माथ्यावर कोणत्या नियमाखाली ही दुरुस्ती केली आहे ते एका ओळीत लिहायचं. सहा फॉर्म, एक दुरुस्त विवरणपत्र, चेक. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पसरले तेव्हा मला माझ्या वहीतल्या रेघा आठवल्या. जुना आकडा दिसत राहतो, शेजारी नवा, खाली सही. ही रीत मला मान्य आहे.

मला मान्य नाही ते मुकाट्याने वाढत जाणं.

खातं सांभाळणाऱ्या प्रत्येक कंपनीला दर वर्षी मे महिनाअखेर कर खात्याला एक फॉर्म पाठवावा लागतो. त्याचा क्रमांक 5498. या व्यक्तीने या वर्षासाठी रॉथमध्ये इतके डॉलर भरले, असं त्यात लिहिलेलं असतं. आमचं उत्पन्न आमच्या विवरणपत्रात असतंच. म्हणजे 2022 च्या उन्हाळ्यात दोन्ही कागद सरकारजमा झाले होते. एकावर 6 हजार, दुसऱ्यावर 2 लाख 19 हजार. ते शेजारी ठेवले असते तर शाळकरी पोरालाही चूक दिसली असती. कागद ताडून पाहण्याची यंत्रणा नाही असंही नाही. काही वर्षांपूर्वी शेअर विकल्याचा एक कागद आमच्याकडून राहिला होता. तेव्हा रीतसर पत्र आलं: तुमच्या दलालाने कळवलेला आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही, खुलासा करा. आम्ही खुलासा केला, फरकाचा कर भरला, विषय संपला. तसंच पत्र रॉथबद्दल 2022 च्या हिवाळ्याआधी आलं असतं, तर दोघांची चूक फार तर 720 डॉलरवर थांबली असती.

इथे मला कोल्हापूरचं पोस्ट आठवतं. 2016 साली मी सुट्टीला गेले होते. आप्पांनी पीपीएफमध्ये भरायला चेक लिहिला. वर्षाच्या सुरुवातीला आपण एकदा भरलं आहे हे ते विसरले होते. खिडकीतल्या बाईंनी पासबुक पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘काका, दीड लाखाच्या वर जातंय, एवढे घेता येणार नाहीत.’’ आप्पांनी तिथेच उभं राहून दुसरा चेक लिहिला. नजरचुकीने जास्त भरले गेलेच, तरी त्या रकमेला व्याज मिळत नाही आणि ती परत मिळते. व्याज बुडालं, संपलं. पीपीएफमध्ये उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे खिडकीतल्या बाईंचं काम सोपं होतं, हे मी जाणते. अमेरिकेतल्या कंपनीला माझ्या नवऱ्याचा बोनस माहीत असण्याचं कारण नाही. पण ज्याच्याकडे दोन्ही आकडे आहेत त्याने बोलावं, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे ना?

वर्षाला दोन लाख डॉलर मिळवणाऱ्यांनी 3,600 चं दुःख वर्तमानपत्रात मांडावं का, असं कोणी विचारेल. प्रश्न योग्य आहे. माझ्या घराचं त्यात काही मोडलं नाही. पण हा नियम आमच्यापुरता नाही. नवरा-बायको वेगवेगळं विवरणपत्र भरत असतील आणि वर्षातला एक दिवस जरी एका छपराखाली राहिले असतील, तर रॉथसाठी उत्पन्नाची पातळी किती आहे ठाऊक आहे? 10 हजार डॉलर. वर्षाला. बाकीच्या पातळ्या महागाईबरोबर वर सरकत गेल्या, हा आकडा होता तिथेच आहे. 10 हजारांत न्यू जर्सीत वर्षाचं घरभाडंही भागत नाही. आणि वेगळं विवरणपत्र कोण भरतं? बऱ्याचदा जिचा संसार मोडत आला आहे अशी बाई. नवऱ्याच्या कागदांवर सही करायला ती धजत नाही, म्हणून तिचं वेगळं. स्वतःच्या पगारातून तिने दोन हजार बाजूला ठेवले, की तेही जास्तीचे ठरतात.

आणि हे पुण्यापर्यंत पोहोचतं. दरमहा ठरावीक रक्कम रॉथमध्ये आपोआप जावी अशी सूचना देऊन ठेवणारे पुष्कळ आहेत. ग्रीन कार्ड सोडून कोणी बाणेरला किंवा कोथरूडला परत जातो, तिथे नोकरी धरतो, आणि अमेरिकेतल्या बँक खात्यातून मात्र ते पैसे जातच राहतात. अमेरिकेत करपात्र अशी कमाईच उरलेली नसताना भरलेला प्रत्येक डॉलर जास्तीचा. पत्ता बदललेला, कागद जुन्या घरी जाणारे. त्याला हे कोण सांगणार?

या नियमाच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो मी गांभीर्याने घेते. सहा टक्के नसतील तर पैसेवाले मुद्दाम जास्त भरतील आणि करमुक्त वाढ खातील. बरोबर. मर्यादा हवी आणि तिला धाकही हवा. पण प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. 2010 पासून साध्या निवृत्ती खात्यातले पैसे रॉथमध्ये वळवायला उत्पन्नाची अट उरलेली नाही. म्हणून ज्यांना माहीत आहे ते आधी वजावट न घेता साध्या खात्यात पैसे भरतात, काही दिवसांनी रॉथमध्ये वळवतात आणि 8606 नावाचा फॉर्म जोडतात. याला सगळे मागचं दार म्हणतात आणि ते कायदेशीर आहे. साध्या खात्यात आधीचे पैसे असतील तर हिशेब किचकट होतो, एवढंच. तेच 6 हजार, तोच माणूस, तेच रॉथ. मागच्या दाराने गेला तर शून्य, पुढच्या दाराने गेला तर दर वर्षी सहा टक्के. म्हणजे उत्पन्नाची अट आता फक्त माहिती नसणाऱ्यालाच अडवते. 2021 साली प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की उद्योजक पीटर थील यांच्या रॉथ खात्याची सुरुवात 1999 साली 2 हजारांहून कमी डॉलरनी झाली आणि त्याचे 5 अब्ज झाले, तेही मर्यादा न ओलांडता. धाक कोणाला बसला आणि कोण त्याच्या बाजूने निघून गेलं, ते उघड आहे.

आणखी एक गोष्ट मला फॉर्म भरताना दिसली आणि तिने मी खरोखर दुखावले. त्याच 5329 फॉर्मवर शेवटी एक भाग आहे, उतारवयात निवृत्ती खात्यातून सक्तीने काढायची रक्कम काढायला विसरलेल्यांसाठी. तिथला भार पूर्वी पन्नास टक्के होता. डिसेंबर 2022 च्या कायद्याने तो पंचवीसवर आणला, वेळेत सुधारलं तर दहा. शिवाय तिथे पत्र जोडता येतं: आजारी होतो, घरात मृत्यू झाला, गैरसमज झाला, आता सुधारलं आहे, कृपया माफ करा. आणि माफी देण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. मी होते त्या भागाला पत्र नाही आणि माफीही नाही. कायदा याला दंड म्हणतच नाही, कर म्हणतो. कमी काढणाऱ्याच्या विसरण्याला कारण असू शकतं आणि जास्त भरणाऱ्याच्या विसरण्याला असू शकत नाही, हा भेद कशाच्या आधारावर?

डिसेंबर 2022 च्या त्याच कायद्याने एक चांगली गोष्ट केली हे कबूल केलं पाहिजे. पूर्वी 5329 भरला नसेल तर मागणीला काळाची मर्यादाच सुरू होत नसे. 2011 साली कर न्यायालयानेही तसंच म्हटलं होतं. वीस वर्षांपूर्वीच्या चुकीचा हिशेब आज मागता आला असता. आता मूळ विवरणपत्र भरल्यापासून सहा वर्षं, असं ठरलं. पण 2024 साली त्याच न्यायालयाने निकाल दिला की ही सूट कायदा येण्याआधीच्या प्रकरणांना लागू नाही. जुन्या चुकांचं दार उघडंच राहिलं.

माझं मागणं मोठं नाही. दोन्ही कागद हातात आल्यावर कर खात्याने पत्र पाठवावं आणि ते पाठवेपर्यंत सहा टक्के एकदाच घ्यावेत, पुन्हा पुन्हा नाही. पत्र मिळूनही जो पैसे काढत नाही, त्याच्याकडून खुशाल दर वर्षी घ्या. आणि जो कोणी न विचारता स्वतःहून पुढे आला, त्याला पत्र जोडण्याची जागा द्या. भारताने 2022 साली विवरणपत्र अद्ययावत करण्याची सोय आणली आणि 2025 साली तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली. उशीर जितका, तितका जादा कर. ती सोय स्वस्त नाही, पण तिचा चढता भाव आधीच लिहिलेला आहे, आणि तो पाहून माणूस आज यायचं की उद्या ते ठरवू शकतो.

2025 च्या जानेवारीत मी मंडळातल्या एका बाईंबरोबर बसले होते. शाळेच्या कँटीनमध्ये काम करतात. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये त्या घराबाहेर पडल्या आणि त्या वर्षीचं विवरणपत्र त्यांनी वेगळं भरलं. त्याआधी त्याच वर्षी रॉथमध्ये 2 हजार टाकले होते. माझी हकिगत त्यांच्या कानावर गेली तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. चार वर्षांचे सहा-सहा टक्के त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून आणले होते. आम्ही आकडे नीट लावले. 2022 साली त्या वर्षभर वेगळ्या राहिल्या, म्हणून त्या वर्षी कायद्याने त्यांना रॉथसाठी एकटी मानलं. त्या वर्षी त्यांनी काहीच भरलं नव्हतं, त्यामुळे आदल्या वर्षीचे 2 हजार 2022 च्या मर्यादेत मावले. दोन फॉर्म: एकावर 120 डॉलर, दुसऱ्यावर शून्य. पैसे काढायचीही गरज नाही.

त्यांनी 120 चा आकडा दोनदा वाचला. मग फॉर्म उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि मला विचारलं, ‘‘ताई, मी त्या वर्षी कशातून जात होते, ते यात कुठे लिहायचं?’’

मी त्यांना सहीची जागा दाखवली.